दात पडेपर्यंत

भागीरथाला लहानपणापासून एकच खोड होती. दिसेल त्याला ती नाव द्यायची. तिचं माहेर गिरडचं. घरातल्या शेळ्या, वासरं, उकिरड्यावर फिरणाऱ्या कोंबड्या, सगळ्यांना तिनं नावं दिलेली. तिचे वडील वासुदेवराव डोक्याला हात लावून म्हणायचे, "या पोरीच्या पायी आपल्याले कोंबडी खाता येत नाई. जिले चंपी म्हणून हाक मारली, तिले कापाव कसं?"

अशी ही बाई लग्न होऊन नेमकी डोमाजीच्या घरात पडली. सिंदी रेल्वेपासून कोसभर आत त्यांचं गाव, थोडी कापसाची पऱ्हाटी, थोडा जोंधळा, एक बैलजोडी. माणसं साधी, पण नावाच्या बाबतीत भलतीच कडक. बाकीच्या घरांत बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, की नाव पक्कं. इथं पाळण्यातलं नाव कच्चं धरत. ते पक्कं व्हायचं कोजागिरीला. अंगणात जोंधळ्याच्या ताटांची खोपडी उभी करायची, तिच्यात मातीचे भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, बसवायचे, आणि चंद्र वर आला की घरातल्या थोरल्या लेकराला खोपडीपाशी उभं करायचं. आईनं ताम्हनात दिवे घेऊन उंबऱ्यावरून त्याला नावानं हाक मारायची. लेकरानं "ओ" म्हणायचं. मग ओवाळायचं, नवे कपडे घालायचे आणि आटीव दूध प्यायचं. तान्ह्या लेकराच्या वतीनं त्याची आत्या ओ द्यायची.

भागीरथाच्या पहिल्या मुलीसाठी आत्यानं ओ दिला. ती गोवरात गेली. मुलासाठी दिला. तो जुलाबात गेला. तिसरी मुलगी कशानं गेली ते कुणालाच कळलं नाही, सकाळी उठून पाहतात तो गार. तिन्ही नावं भागीरथानं मोठ्या हौसेनं निवडलेली होती.

सासू जिजाबाई वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. नातवंडं गेली तेव्हा सुनेच्या आधी तीच भिंतीवर डोकं आपटायची. पण अशा माणसाला कारण हवं असतं, आणि कारण सापडलं की ते त्याला सोडवत नाही. तिला कारण सापडलं. "दुसऱ्याच्या तोंडचा ओ टिकत नाई वं माय. आपण नाव घेतो, लेकरू ओ देत नाई, अन ते नाव आयकते भलताच. आता पोटी जे येईन त्याचं नाव काढाचंच नाई. दुधाचा पयला दात आपला आपण पडू दे, त्याच्या तोंडानं ओ देऊ दे, मग ठेवजो."

भागीरथानं मान डोलावली. तीन लेकरं मातीत घातलेल्या बाईला कुणी शेण खा म्हटलं असतं तरी तिनं खाल्लं असतं.

एकाहत्तर साली मुलगा झाला. वर्षभरापूर्वीच वासुदेवराव वारले होते. सुईणीनं नाळ कापली त्याच क्षणी भागीरथाच्या मनात नाव येऊन बसलं होतं. ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. घरात, गावात पोराला सगळे पोट्टा म्हणत. आमच्याकडे कुठल्याही पोराला पोट्टाच म्हणतात, त्यामुळे गल्लीत "ए पोट्ट्या" अशी हाक आली की चार पोरं वळून बघायची, आणि हा पाचवा.

त्याच सुमारास जन्ममृत्यूच्या नोंदीचा नवा कायदा गावापर्यंत पोचला. ग्रामसेवक लक्ष्मणराव सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर बसायचा. माणूस सरळ होता. जन्माची नोंद त्यानं केली, नावाची जागा कोरी सोडली आणि बजावलं, "वर्षाच्या आत नाव सांगा बाई. मग माह्या हातात राहत नाई."

आतून जिजाबाई ओरडायची, "दात पडू दे, मग ये!"

"अवं आजी, सरकार दात मोजत नाई."

"मंग सरकारले लेकरं नाई मेली."

लक्ष्मणरावानं सायकल उचलली. तो पुन्हा आला, पुन्हा आला, वर्ष संपलं आणि मग यायचा थांबला. जागा कोरीच राहिली. भागीरथाला मात्र बरंच वाटलं. कोरी जागा कुणाला ऐकू जात नाही.

आणि पोरगा जगला की! गोवर आला तो अंगावरून गेला. पावसाळ्यातला ताप चढला तसा उतरला. दर कोजागिरीला खोपडी उभी राहायची, भुलाबाईची गाणी व्हायची, पण उंबऱ्यावरून हाक यायची नाही. भागीरथा मुकाट्यानं ओवाळायची. मनातल्या मनात मात्र ती ते नाव घ्यायची आणि पोराच्या ओठांकडे बघत राहायची.

पोरगा सहा वर्षांचा झाला तसा शाळेचा प्रश्न आला. डोमाजी त्याला बखोटीला धरून घेऊन गेला. गुरुजी म्हणाले, नाव सांगा. डोमाजीनं दातांची सगळी हकीकत सांगितली. गुरुजींनी कपाळाला हात लावला. "नावाबिगर पटावर घेऊ कसा? लेकरू बसू द्या, पण हजेरीत नाई येनार."

तर पोट्टा मागे भिंतीपाशी बसू लागला. रोज सकाळी हजेरी व्हायची. पोरं एकेक करून "हजर" म्हणत. गुरुजींचा हात शेवटच्या नावापाशी थांबायचा आणि वही मिटायची. पहिले काही दिवस यानं आपणहून "हजर" म्हणून पाहिलं. पोरं हसली. डोमाजीच्या शेजाऱ्याचा चिंधू म्हणाला, "तू हजर नाईच बे! तुले नावच नाई." त्या दिवशी घरी येऊन तो आईच्या मांडीत तोंड खुपसून रडला.

"माये, माह्यं नाव काय आहे?"

"आहे ना. मोठं छान आहे."

"मंग सांग."

"दात पडला का सांगीन."

"कानात सांग. मी कोनाले नाई सांगत."

नाव जिभेवर आलं होतं. भागीरथानं ते गिळलं. त्याच मांडीवर तिनं याआधी तीन थंड झालेली अंगं धरली होती.

पुढचे दिवस पोरानं दुसरा धंदाच केला नाही. खालचा समोरचा दात जरासा हलत होता. तो जिभेनं ढकलायचा, बोटानं वाकवायचा. दोरा बांधून दाराला अडकवून पाहिला, दोरा सुटला. घट बसले त्या सकाळी तो गोठ्यात गेला, बैलाचा खुंटा ठोकायचा दगड शेणातून उचलला आणि तोंडावर मारला. एकदा मारून भागलं नाही म्हणून पुन्हा मारला. मग रक्तानं भरलेलं तोंड आणि तळहातावर दात घेऊन तो चुलीपाशी उभा राहिला. हसत होता. "पडला माये! आता सांग."

भागीरथानं त्याचं तोंड पाण्यानं धुतलं, हळद दाबली आणि सासूकडे पाहिलं. जिजाबाईनं दात हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि मान हलवली. "हा पाडेल आहे. पाडेल चालत नाई. आपला आपण पडाले पाह्यजे."

पोराचा चेहरा उतरला तो भागीरथाला पाहवेना. आयुष्यात पहिल्यांदा तिला सासूचा संताप आला, आणि स्वतःचाही. तिनं त्याला अंगणात नेलं. "आयक. बुडीले सांगू नको. यंदा पुनवेले मी हाक मारीन. मोठ्यानं मारीन, साऱ्या गावाले आयकू जाईन. तू खोपडीपासून ओ देजो."

"आताच काऊन नाई सांगत?"

"पुनवेलेच सांगाव लागते. तशी रीत आहे."

इथं गोष्ट सांगणाऱ्याला राहवत नाही. रीत मोडायची तर बाईनं मोडलीच होती, मग पंधरा दिवसांसाठी कशाला अडली? पण माणूस रीत मोडतानासुद्धा अर्धी पाळतो. रोज संध्याकाळी पोरगा चंद्राकडे बघायचा आणि अजून किती भरायचा राहिला ते विचारायचा. एकदा तर गोठ्यात बैलांसमोर उभा राहून तो ओ द्यायची तालीम करताना तिला दिसला. लांब ओ, आखूड ओ, गुरुजींसमोर द्यायचा तसा ताठ ओ. भागीरथा पदर तोंडाला लावून हसली. त्या घरात ती इतकी कधी हसली नव्हती.

पुनवेच्या आदल्या दिवशी त्याला भाकर चावता येईना. दुपारपर्यंत दातखीळ बसली. डोमाजीनं बैलगाडी जुंपली, सिंदीहून रेल्वेनं वर्ध्याला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी धनुर्वात म्हणून सांगितलं. केसपेपरवर नावाच्या जागी 'डोमाजीचा मुलगा' असं लिहिलं गेलं. खोलीच्या खिडक्यांना कांबळी लावून अंधार केला. नर्सनं भागीरथाला समजावलं, "आवाज नका करू बाई. भांडं पडलं, दार वाजलं, तरी त्याले झटका येते."

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळताना बाहेर कोजागिरीचा चंद्र उगवला असणार. आत तो दिसत नव्हता. भागीरथानं पोराच्या कानाशी तोंड नेलं. सहा वर्षं तिनं जे नाव दाताखाली धरलं होतं ते तिनं सोडलं, अगदी श्वासासारखं.

"वासुदेवा."

त्याचे डोळे उघडले. त्याला ऐकू आलं होतं. याबद्दल तिला पुढे कधी शंका आली नाही, आणि तेच तिला जन्मभर सोसवलं नाही. त्यानं ओ द्यायचा प्रयत्न केला. जबडा उघडेना, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि टाचा व डोकं तेवढं खाटेवर राहून मधलं सगळं अंग उचललं गेलं. झटका थांबेना. नर्स धावत आली. "काय केलं बाई? सांगतलं होतं ना!" तिला दंडाला धरून बाहेर काढलं. व्हरांड्यात चांदणं पडलं होतं. भागीरथानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

त्यानंतर तिनं त्याला एकदाही हाक मारली नाही. मारली असती तर त्याचं अंग पुन्हा मोडलं असतं. आता काही आशा नाही म्हणून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. अंगणात पुनवेसाठी रचलेली खोपडी तशीच उभी होती, ताटं सुकायला लागली होती. तिच्या बाजूनं बाजेवर त्याला आत नेलं आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी तो गेला.

तेरवी झाल्यावर लक्ष्मणराव आला. सायकल टेकवून ओट्यावर बसला. मृत्यूची नोंद करायची होती.

"नाव?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"वासुदेव," भागीरथा म्हणाली.

त्याचा हात थांबला. "जन्माच्या नोंदीत नाव नाई बाई. मी किती खेटे घातले तुमच्याकडं. जितं असतं तर तालुक्याले अर्ज करून काई जमवलं असतं. मेलेल्या लेकराचं नाव आता नाई ठेवता येत. कायद्यात बसत नाई."

"मंग?"

"'डोमाजीचा मुलगा' लिहितो."

दाराआडून जिजाबाईचा आवाज आला. रडून रडून तो बसला होता, पण ठाम होता. "बराबर आहे. ओ कुठी देल्ला त्यानं? नाव लागलंच नाई त्याले."

भागीरथानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा ग्रामसेवकाकडे. "सरकारचं अन माह्या सासूचं कधी जुळलं नाई," ती म्हणाली. "आज जुळलं. माह्या लेकराच्या नावावर जुळलं." लक्ष्मणरावानं मान खाली घालून लिहिलं आणि निघून गेला.

पुढे तिला मूल झालं नाही. धाकट्या दिराला मुलं झाली. त्यांची कोजागिरी होते, जाऊ उंबऱ्यावरून हाक मारते, पोरगी झोकात ओ देते. रीत पुन्हा पहिल्यासारखी झाली आहे, दातांचं कुणी बोलत नाही. जिजाबाई गेली. जाताना सुनेचा हात धरून काहीतरी पुटपुटत होती. भागीरथानं हात सोडवून घेतला नाही, पण वाकून ऐकलंही नाही. गोठ्यात वासरं होतात, कोंबड्या पिल्लं काढतात. ती कुणाला नाव देत नाही. गाईला गाय म्हणते, शेळीला शेळी.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीआधी ती भावाकडे जायला सिंदीच्या फलाटावर बसली होती. कापसाचे दिवस, गर्दी भरपूर. गाडी आली तशी रेटारेटी सुरू झाली. कुणा बाईचं लेकरू गर्दीत मागे राहिलं होतं. डब्याच्या दारातून ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "वासुदेवा! अरे वासुदेवा!"

भागीरथाच्या पाठीमागून अगदी जवळून एक पोरगा खणखणीत ओरडला, "ओ!"

आणि तिला ओलांडून तो पळत गेला. त्याच्या आईनं त्याला दंडाला धरून वर ओढलं आणि पाठीत एक धपाटा घातला. भागीरथा उभी राहिली होती ती खाली बसली. वळून त्याचं तोंड पाहायचं धाडस तिला झालं नव्हतं. गाडी सुटली. हमालानं विचारलं, "बाई, जाचं नव्हतं का?" गिरडकडे जायला पुढची गाडी संध्याकाळी होती. तिनं पिशवी उचलली आणि गावाकडे परत चालू लागली.