मी फक्त बरगडी दाबली
शेजारच्या काकू गुडघ्याला बाम चोळत होत्या. तो वास नाकात शिरला आणि मला महागावजवळचं ते उपकेंद्र आठवलं. तिथे मी नवखी नर्स होते.

कापूस वेचता वेचता उठून आलेल्या शेवंताबाई बाकावर बसल्या होत्या. "सिस्टर, छातीवर कोनी बसल्यावानी वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या.

मी बरगडी दाबली. "इथं दुखतं का?"

"दुखते थोडंसं."

मला तेवढं पुरलं. गाठोडं उचलताना स्नायू दुखावला असेल, असं सांगून मी बाम चोळला. त्यांचं लुगडं घामानं भिजलं होतं, हात सारखा जबड्याकडे जात होता. ते दिसूनही मी काही विचारलं नाही. माझी जेवायची वेळ झाली होती.

संध्याकाळी त्यांना पुसदला न्यावं लागलं. हृदयाचा झटका होता. त्या वाचल्या, पण पुन्हा शेतात जाऊ शकल्या नाहीत.

महिन्याभरानं चार बायकांसमोर माझा हात धरून त्या म्हणाल्या, "या सिस्टरनं बाम चोळला, म्हनून तं मी पुसदपर्यंत टिकली."

खरं सांगायचं सोडून मी हसले. चुकीपेक्षा त्या हसण्याची लाज मला आजही जास्त वाटते.