जीपमधली डुलकी
सुक्या बोंबलांचा आणि डिझेलचा वास एकत्र आला की मला खोडाळ्याच्या बाजाराहून जव्हारला परतणारी ती जीप आठवते. मी तेव्हा शाळेत होते, बोंबलांची पिशवी पायांत धरून आईला चिकटून बसले होते. समोर एक बाई होती. मांडीवर तान्हं, पायांशी बाजाराचं गाठोडं, हातांवर भातकापणीचे ताजे ओरखडे. शेजारी तिचा नवरा मोकळ्या हातांनी बसला होता. पोर रडायला लागलं तसा ज्याने त्याने तिला सल्ला दिला. घाट लागल्यावर नवऱ्याने पोर स्वतःकडे घेतलं. लगेच एक म्हातारी म्हणाली, "नशीब काढलंस बाय, नवरा पोर घेतो तुझा." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईने रिकामे हात मांडीवर ठेवले आणि बघता बघता तिचा डोळा लागला. डोकं जीपच्या दांडीवर आपटत होतं, तरी तिला जाग नव्हती. तेवढ्यात पोर कुरकुरलं. "कशी आई म्हणायची ही, खुशाल झोपलीय," असं माझी आईच म्हणाली, आणि म्हातारीने बाईला गुडघ्याला ढोसून उठवलं. ती दचकली, ओशाळली आणि तिने पोर परत घेतलं. नवऱ्याने पाय लांब करून डोळे मिटले. त्याला कुणी उठवलं नाही. आता त्याच रस्त्याने जाताना माझा नवरा आमचं बाळ मांडीवर घेतो. मलाही पेंग येते. पण समोर कोण बसलंय ते मी बघते आणि डोळे ताणून उघडे ठेवते.