पुढची गल्ली

आमच्या घरी दोन खोल्या, चार माणसं अन् भाजीची एक हातगाडी. कोरोनात अकोल्याचा बाजार बंद झाला तेव्हा शेतकऱ्यांची वांगी झाडावरच जून झाली. घरात कॉलेज पाहिलेली मी एकटी, तेही तिरंदाजीच्या जोरावर. पण अमरावतीचं वसतिगृह घाईत रिकामं केलं, धनुष्य तिथंच कुलपात राहिलं. निवड चाचणी मात्र पुढं होणारच होती.

म्हणून तिरंदाजी शिबिराच्या मानसशास्त्रवाल्या मॅडम आम्हा सगळ्या मुलींसाठी मोबाइलवर व्हिडिओ कॉल घ्यायच्या. डोळे मिटा, रिकाम्या हातांनी धनुष्य ओढा, मनात बाण सोडा. रोज सकाळी, चाचणीच्याच वेळेला. गलका असेल तर अजून बरं. नेमकी त्याच वेळेला मी आईसोबत गल्लोगल्ली गाडी ढकलायची. आई म्हणाली, मग इथंच मार. पेपरात फोटो आलेली मी, गाडीमागं हात ताणून उभी. वरून एका काकूंनी विचारलं, "पोरीले काय झालं वो?"

"बाण मारून राहिली," आई म्हणाली. "तुमी कांदे घ्या."

मास्कच्या आत माझं तोंड नुसतं तापलं.

माझा रोग जुना होता. पहिला बाण बिघडला की पूर्ण फेरी बिघडायची. बोहणी वाईट गेली की दिवस वाईट, हे गाडीवरच डोक्यात बसलेलं. मनातले बाणही तसेच जायचे. मॅडमना हे कारण सांगायची मला लाज वाटायची.

एका सकाळी पहिल्याच गिऱ्हाईक बाईनं निवडलेली भेंडी परत टाकली. तुमच्या हातची नको, बिमारी येईल, म्हणाली. मला वाटलं, आता आई घरी वळते. मी तसं विचारलंही.

"काहून?" आई म्हणाली. "चाल, पुढच्या गल्लीत."

त्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं, बाण बिघडला की मनात म्हणायचा एक शब्द ठरवा. कोणी 'फोकस' म्हणाली, कोणी 'रिलॅक्स'. माझ्या मागं आई भाजीवर पाणी मारत होती, ते सगळ्यांना दिसत होतं. मीही 'फोकस' म्हटलं.

टाळेबंदी उठली, कुलपातलं धनुष्य हातात आलं. चाचणीत पहिला बाण भलतीकडंच लागला. फोकस काही आठवला नाही. "चाल, पुढच्या गल्लीत," मी म्हटलं, अन् तेही शेजारची मुलगी वळून बघेल एवढ्या मोठ्यानं. कान गरम झाले. तसाच दुसरा बाण लावला.

मी चौथी आले. संघात चौघी घेतात.