उताऱ्यात लिहिलंय तेवढंच

दर रविवारी सकाळी मी मेइला ऑनलाइन इंग्रजी शिकवते. ती चीनमध्ये असते, अकरावीत. आधी प्रश्न वाचायचे आणि मग उताऱ्यात तेच शब्द हुडकायचे, ही युक्ती मीच तिला शिकवलेली. वेळ वाचतो.

आजच्या उताऱ्यात एक आजी होती. सुट्टी संपवून वसतिगृहावर परत निघालेल्या नातीला ती बसथांब्यावर म्हणते, "जा तू, मी अगदी मजेत आहे." प्रश्न होता, आजीला कसं वाटत होतं? मेइने पर्याय 'ब' निवडला : ती मजेत होती. उत्तर बरोबर होतं.

मग ती अडखळत्या इंग्रजीत म्हणाली, "टीचर, आजी खोटं बोलतेय. माझी आजीपण अस्संच बोलते."

मी घड्याळ पाहिलं. अजून तीन उतारे राहिले होते. "उताऱ्यात लिहिलंय तेवढंच धरायचं," मी म्हणाले. तिने मान डोलावली आणि पान उलटलं. पोरीला जे नेमकं कळलं होतं तेच मी खोडून टाकलं होतं, आणि मार्क मात्र तिला पूर्ण पडणार होते.

तास संपल्यावर गावी आईला फोन लावला. "कशी आहेस गं?"

"मला काय धाड भरलीय? मजेत आहे. तुझं चालू दे."

दर रविवारी ती हेच म्हणते, आणि दर रविवारी मी 'ब'वर खूण करून फोन ठेवते.

आजही ठेवला.