बिनकुलपाचं दार

राजधानी रोझोहून आलेल्या साहेबांनी आमच्या मा क्लेमला समाजसेवेचं प्रमाणपत्र दिलं, तेव्हा मला मागच्या बाकावर हसू आवरेना. समाजसेवा! डोंबलाची समाजसेवा. बाईनं जे केलं ते सूड म्हणून केलं, आणि मी म्हणते, बरं केलं.

आमच्या आन्स फिग गावात वादळात टिकणारी इमारत एकच, शाळा. म्हणून कौन्सिलच्या योजनेत निवारा तोच. काही वर्षांपूर्वी कौन्सिलचा चेअरमन होता लाव्हिल. सरकारकडून खाटा-ब्लँकेटं आली, तर ती चोरीला जातील म्हणून ह्या शहाण्यानं शाळेच्या दाराला हे भलंमोठं कुलूप ठोकलं. किल्ली स्वतःच्या खिशात. आणि वादळाची बातमी आल्याबरोबर स्वारी किल्लीसकट रोझोला, लेकीच्या सिमेंटच्या घरी! मागे दरड कोसळली, रस्ता बंद.

आम्ही म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरंबाळं, सगळे शाळेच्या दाराशी भिजत उभे. क्लेमचा नवरा ऑस्बर्न पहारीनं कुलपावर घाव घालत होता. कुणाच्या तरी छपराचा पत्रा उडत आला आणि त्याच्या मानेवर बसला. कुलूप तोपर्यंत तुटत आलं होतं, दुसऱ्यांनी ते तोडलं. आम्ही त्याला आत नेलं खरं, पण त्याच्यात जीव नव्हता.

नंतरच्या सभेत लाव्हिल छाती काढून म्हणतो कसा, "योजनेत काही चूक नव्हती. किल्ली माझ्याकडे सुरक्षित होती."

क्लेम पुढेच बसली होती. रडली नाही, ओरडली नाही. "किल्ली सुरक्षित होती ना? मग झालं," म्हणाली आणि घरी गेली.

क्लेमचा धंदा बस थांब्यावर, बेक म्हणजे तळलेला पाव, आणि खारा मासा. दुसऱ्या आठवड्यात तिनं ते तुटकं कुलूप टपरीच्या खांबाला खिळा मारून टांगलं. लाव्हिलला रोज सकाळी तिचाच बेक लागायचा. गावात दुसरा मिळतो कुठे! पुडी देताना ती म्हणायची, "बघा साहेब, तेल लावून ठेवलंय. एकदम सुरक्षित." तो मान खाली घालून पैसे द्यायचा.

मग ती आपत्ती समितीत शिरली. तिथं कुणी फिरकत नव्हतं, त्यामुळे सगळा कारभार तिच्याच हातात. घरोघर फिरली. कुणाचे पाय अधू, कुणाला कुणी उचलायचं, कुठल्या टेकडीवर कुणी इशाऱ्याचा शंख फुंकायचा, सगळं ठरवलं. भर उन्हात सराव करून घ्यायची. कुणी कुरकुरलं की, "मेल्या, वादळ तुझी डुलकी संपायची वाट बघणार आहे का?"

शाळेच्या दाराला मात्र तिनं कुलूप लावू दिलं नाही, की आतून अडसरही नाही. "उशिरा येणाऱ्याला दार बंद मिळता कामा नये. माणूस उभा करायचा, पाठ लावून दार धरेल, आलेल्याला उघडेल." आणि भर सभेत लाव्हिलकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "अशा कामाला वजनदार माणूसच हवा. आपल्या गावात दुसरं कोण आहे?"

वादळानंतरच्या निवडणुकीत पडलेल्या त्या माणसाला मिरवायला काहीतरी हवंच होतं. लगेच हो म्हणाला. शाळेच्या भिंतीवर पाटी लागली, 'द्वारप्रमुख, हेस्केथ लाव्हिल'. त्या पाटीखाली त्यानं फोटोसुद्धा काढून घेतला, अगं बाई!

गेल्या सप्टेंबरात टेकड्यांवर शंख वाजले. लाव्हिल बॅग घेऊन थांब्यावर हजर, पुन्हा लेकीकडे निघालेला. बसवाल्यानं दार उघडलंच नाही. "साहेब, तुम्हाला दार धरायचंय ना? पाटी आहे तुमच्या नावाची." रांगेतली माणसं नुसती बघत राहिली. लाव्हिलनं बॅग उचलली आणि शाळेकडे चालू लागला.

दुपारभर वादळानं शाळा झोडपली. लाव्हिल दाराला पाठ लावून उभा, पाणी नडगीपर्यंत. बाहेरून थाप आली की उघडायचा, माणूस आत घ्यायचा, पुन्हा पाठ लावायचा. दार त्याच्या पाठीत दणादण आपटत होतं. खोटं कशाला बोलू, त्यानं एकालाही बाहेर ठेवलं नाही. क्लेम समोर स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत होती.

शेवटी अख्खं गाव आत आलं. लाव्हिलनं पायानं जवळचं बाक ओढायला घेतलं. "मा क्लेम," तो म्हणाला, "आले ना सगळे? आता दाराला बाकं लावू या. जरा बसतो."

"एक यायचाय अजून," क्लेम म्हणाली.

"कोण?"

"माझा ऑस्बर्न."

"क्लेम, माझं चुकलं गं," लाव्हिल पुटपुटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दार धरा साहेब," ती म्हणाली. "तो उशिरा येईल."

त्यानं पुन्हा पाठ लावली, दोन्ही हातांनी चौकट धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते. माझ्यानं बघवेना. म्हातारा झालाय शेवटी. त्याचं तोंड पुसायला मी टॉवेल घेऊन उठले, तर क्लेमनं माझं मनगट धरलं आणि मला खाली ओढलं.

मी बसले.