सातपुते सिस्टरांना वाट बघणारी माणसं आवडायची नाहीत

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या सातपुते सिस्टरांनी चौतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, आणि त्या चौतीस वर्षांत माणसांबद्दलचं त्यांचं मत काही सुधारलं नाही. आत बाई कळा देत असायची आणि बाहेर बाकावर सगळं गणगोत वाट बघत बसलेलं असायचं. नवरा तंबाखू मळायचा, सासू नातू मागायची, दीर चहाला म्हणून जायचा तो पेढे आल्यावरच उगवायचा. "काय न करता दमल्याचं सोंग म्हणजे वाट बघणं," असं सिस्टर म्हणत. त्यांचं नाव दयावती. आईबापांनी नाव ठेवताना घाई केली, असं वॉर्डातल्या आया त्यांच्या पाठीमागं बोलत. सिस्टरांना ते ठाऊक होतं. पाठीमागं बोलणाऱ्यांची त्यांना कीवही येत नसे.

अशा बाईच्या घरात चार वर्षं वाट बघणं मुक्कामाला आलं.

नवरा गेल्यावर सिस्टर लेकीकडं, अनुजाकडं राहायच्या. अनुजाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. दोन्ही वेळा लेकीचं रक्त सिस्टरांनीच पुसलं होतं. त्यानंतर कुणी 'आशा' हा शब्द काढला की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. शेवटी अनुजा आणि तिचा नवरा धैर्यशील यांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं आणि सरकारी यादीत नाव घातलं.

धैर्यशील आयटीआयमध्ये शिकवायचा. सरळ माणूस, पण डोळ्यांत पाणी लगेच यायचं. रोज संध्याकाळी तो फोनवर यादीतला आपला नंबर बघायचा.

"आई, या महिन्यात अकरानं पुढं सरकलो."

"एसटीच्या रांगेत उभारलाय काय?" सिस्टर म्हणायच्या आणि भाजी चिरायला घ्यायच्या.

नोव्हेंबर सरत आला की चर्चमध्ये आगमनकाळ सुरू व्हायचा. नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती. पहिली आशेची. त्या रविवारी पाळकसाहेब न चुकता अलीशिबेवर उपदेश करायचे. म्हातारपणी देवानं तिची कूस उजवली, तिच्या नवऱ्याला, जखऱ्याला, विश्वास बसेना म्हणून त्याची वाचा गेली, वगैरे. बोलता बोलता त्यांची नजर चौथ्या बाकावर बसलेल्या अनुजाकडं जायची आणि त्या नजरेमागून सगळ्या चर्चच्या माना वळायच्या. एवढ्या मोठ्या बायबलात या माणसाला दुसरी बाई सापडत नाही काय, असं सिस्टरांना वाटायचं.

उपासना संपली की चिमणाबाई यायच्या. त्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. मान एका बाजूला कलती करून त्या अनुजाचा हात धरायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी प्रार्थना करायच्या. शेवटी ठरलेलं वाक्य, "देव वचनाचा पक्का हाय गं. वाट बघ." चिमणाबाईंची प्रार्थना देवापर्यंत किती पोचत होती कोण जाणे, शाहूपुरीपर्यंत मात्र तासाभरात पोचायची.

सिस्टरांना सगळ्या बायबलात एकटी सारा पटायची. नव्वदीत आपल्याला मूल होणार हे ऐकून ती तंबूच्या दाराआड हसली. तेवढी एकच शहाणी, असं त्यांचं मत.

यंदाच्या पहिल्या रविवारी दुपारी अनुजा मशीनवर झबलं शिवत बसली होती. दर आगमनकाळात ती एक कपडा शिवायची. तान्ह्या मुलांच्या यादीत नंबर लवकर लागेना म्हणून त्यांनी मुलाचं वय वाढवून मागितलं, तसं झबल्याचं मापही वाढत गेलं होतं.

"अंगात घालायला कुणी न्हाई आणि कपाट भरलं," सिस्टर म्हणाल्या. "काढून टाका आता ते नाव यादीतनं. हसं झालंय."

अनुजानं मशीन थांबवलं. "आई, सारा हसली म्हणून देवानं आपलं वचन मागं घेतलं काय?"

सिस्टरांनी कपाटाचं दार लावलं.

"तू खुशाल हस. मी थांबते." आणि मशीन परत सुरू झालं.

लेकीनं असं बोललेलं सिस्टरांना आवडलं नाही. पोरगी बापासारखी मऊ, एवढंच त्या स्वतःशी म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं.

बुधवारी सकाळी साडेदहाला धैर्यशील स्कूटरवरनं घरी आला. हेल्मेटही काढायचं त्याला सुचत नव्हतं. फोनवर एका मुलीचा फोटो आला होता. सोलापूरकडची एक संस्था. मुलगी अडीच वर्षांची, नाव मोना. कपाळ मोठं, कॅमेऱ्याकडं रागानं बघणारे डोळे. उजव्या कानाच्या जागी काजूएवढी मांसाची गाठ. त्या कानानं ऐकू येत नाही, अजून बोलत नाही, असं डॉक्टरी अहवालात लिहिलं होतं. उत्तर द्यायला दोन दिवस होते.

धैर्यशीलनं पाळकसाहेबांना फोन करून प्रार्थना करायला सांगितलं. म्हणजे संध्याकाळी चिमणाबाई मंडळातल्या दोघींना घेऊन दारात हजर.

"अनुजा, माझं ऐक," चिमणाबाई हात धरून म्हणाल्या. "देवाचं वचन कसं असतंय? पूर्ण. असं अर्धंमुर्धं देव देत न्हाई. ही परीक्षा हाय. ह्याला न्हाई म्हण. चार वर्षं थांबलीस, आणि थोडं थांब. धडधाकट लेकरू येईल."

अनुजा फोटोकडं बघत बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सिस्टर स्वयंपाकघरातनं बाहेर आल्या.

"चिमणाबाई, पोरगं हातात दिल्यावर आधी बोटं मोजणाऱ्या सासवा मी पुष्कळ बघितल्या. पण त्यांनी त्यात देवाला ओढला न्हाई."

"सिस्टर, मी भल्यासाठीच..."

"चार वर्षं हिचा हात धरून वाट बघ, वाट बघ म्हणत आलासा. आता लेकरू दारात आलंय तर म्हणताय, हे नको, दुसरं आणा. देवाकडं काय बाजारातली कोंबडी मागत होता, दाबून बघून घ्यायला?"

"अहो, पण कान..."

"एक कान न्हाई. तुम्हाला दोन हायत. कधी ऐकलंय कुणाचं?"

बरोबरच्या दोघींपैकी एक खुदकन हसली आणि लगेच खोकली. चिमणाबाईंनी पर्स उचलली. जाताना त्या म्हणाल्या, "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू." ते धमकीसारखंच वाटलं.

दार लागल्यावर सिस्टर जावयाकडं वळल्या. धैर्यशीलचे डोळे अर्थातच भरले होते.

"रडताय काय? कळवा की त्यांना, व्हय म्हणून."

"आई, तुम्हाला भीती न्हाई वाटत?"

"वाटती की," सिस्टर म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. "चार वर्षं वाटती. तुमी दोघं रोज आशा धरत होता आणि मी रोज तुमच्यावर चिडत होते. पुन्हा काय झालं तर पुसायला मलाच लागणार होतं ना."

अनुजा उठून आईजवळ आली आणि नुसती शेजारी उभी राहिली. धैर्यशीलनं होकार पाठवला.

कागदपत्रं झाली, समितीपुढं बसून झालं, आणि तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी मोना घरी आली. सोलापूरपासनं कोल्हापूरपर्यंत ती गाडीत रडत आली. अनुजाकडं गेली, पण बळंच. धैर्यशीलच्या खिशातलं पेन काढून त्याच्या मांडीवर बसली. हजारो लेकरं हाताळलेल्या सिस्टरांनी हात पुढं केला, तर त्यांच्या मनगटाला चावली. पुढचे आठ दिवस सिस्टर खोलीत आल्या की ती भिंतीकडं तोंड करायची.

चौथ्या रविवारी सगळी चर्चला गेली. पाळकसाहेबांनी वचनपूर्तीवर उपदेश केला आणि माना पुन्हा चौथ्या बाकाकडं वळल्या. आता त्यांना कान बघायचा होता. उपासना संपल्यावर चिमणाबाई आल्या. हातात लोकरीची गुलाबी टोपी.

"आमच्या प्रार्थनेचं फळ गं हे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः विणलीय. घालून ठेव, म्हणजे ते झाकून राहील."

त्यांनी टोपी मोनाच्या डोक्यावर ओढली. मोनानं ती दोन्ही हातांनी काढली, चिमणाबाईंकडं नीट बघितलं, आणि टोपी जमिनीवर टाकली. मग सावकाश तिच्यावर पाय दिला.

धैर्यशील माफी मागायला लागला. सिस्टर मात्र त्या पोरीच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. ती नजर त्यांच्या ओळखीची होती. रोज सकाळी वेणी घालताना आरशात दिसायची.

"माफी कशाला मागताय?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरचीच हाय ही."

त्यांनी पुन्हा हात पुढं केला. मोनानं जरा विचार केला आणि त्यांचं एक बोट धरलं. पायरी उतरताना तिनं ते दोनदा सोडलं आणि दोनदा परत धरलं. सिस्टर तिच्या डाव्या बाजूनं चालत होत्या, ऐकू येणाऱ्या कानाकडनं, आणि तिला एकेका माणसाकडं बोट दाखवून, कोण कसा आहे, ते बारीक आवाजात सांगत होत्या.