बारशासाठी आणलेली नखं

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याचा, हे सांगताना मी अडखळतो. हे एक प्रकरण मात्र पहिल्या खबरेपासून कोर्टातल्या तारखेपर्यंत जसंच्या तसं आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एक मादी बिबट मेली होती. नावं आणि गावं मी सांगणार नाही, कारण त्यातली माणसं अजून त्याच गावांत राहतात.

मी तेव्हा अमरावती जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीच्या एका टोकाला बडनेऱ्याकडे जाणारा रस्ता आणि दुसऱ्या टोकाला बुटक्या टेकड्यांचं सागवानी जंगल. जंगलाला खेटून हरभऱ्याची, तुरीची वावरं आणि संत्र्याच्या बागा. माझं बालपण दर्यापूरकडच्या उघड्या काळ्या रानात गेलं. बाप मजुरीला जायचा आणि मी समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून बी.ए. झालो. जंगल मला माहीत होतं ते शाळेच्या पुस्तकातलं. बाकीचं या ठाण्यात आल्यावर वन विभागाच्या लोकांकडून शिकलो, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. रानडुकरं पिकात येतात. त्यांच्या आणि गावातल्या कुत्र्यांच्या मागे बिबट येतो, पोट भरतो आणि कोणाला न दिसता परत जातो. वर्षानुवर्षं तो असा शेजारी राहतो. शेतकरी डुकराला वैतागलेला असतो, बिबट्याला नव्हे. पण डुकरासाठी लावलेल्या विजेच्या तारेला कोण आलं ते कळत नाही.

हिवाळ्याचे दिवस होते. आमचे जमादार सकाळीच माझ्या खोलीत आले. हद्दीतला प्रत्येक पानठेला आणि प्रत्येक सोनार त्यांच्या ओळखीचा होता.

"सायेब, सोनाराचा फोन होता. एक बुढा नखं घेऊन आला हाय. चांदीत मढवून पाहिजे म्हणते."

"कसली नखं?"

"वाघनखं म्हणते. सोनार म्हणे, वास येऊन राहिला त्याले."

वास येतो म्हटल्यावर मी हातातलं काम टाकून उठलो. बाजारातली वाघनखं बहुतेक वेळा शिंगाची किंवा प्लास्टिकची निघतात. त्यांना वास येत नाही.

आम्ही साध्या कपड्यांत गेलो. साठीच्या आसपासचा एक माणूस दुकानातल्या गादीच्या कडेला बसून चहा पीत होता. स्वच्छ शर्ट, खांद्यावर दुपट्टा. जमादार त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"काय काका, कोणासाठी करून राहिले?"

"नातू झाला. बारसं हाय. गळ्यात घालाले."

"नातू झाला अन पेढे सोनाराले? आमाले नाई?"

तो हसला. मग त्याची नजर माझ्या बुटांवर गेली. पोलिसांचे बूट साध्या कपड्यांतही लपत नाहीत. त्यानं कपबशी खाली ठेवली. पळायचा प्रयत्न केला नाही.

मुलाला दृष्ट लागू नये, पोरगं धीट व्हावं, म्हणून गळ्यात वाघनख घालायची रीत आमच्याकडे जुनी आहे. पूर्वी घरातलंच जुनं नख एका नातवाकडून दुसऱ्या नातवाकडे जायचं. पुडीतली ही नखं मात्र ताजी होती, मुळाशी मांस चिकटलेलं. वन्यजीव कायद्यात बिबट पहिल्या अनुसूचीत येतो. मी लगेच वन विभागाला कळवलं आणि वनपरिक्षेत्र अधिकारी मॅडम ठाण्यात आल्या. तरुण होत्या आणि कमी बोलायच्या.

चौकशीला वेळच लागला नाही. मी पहिला प्रश्न विचारायच्या आधी त्यानं सांगून टाकलं.

"माह्या वावरात मेला. रानडुकरासाठी तारेत करंट सोडला होता मीनं, परवाच्या राती. मी एकटाच होतो. कोणीच नव्हतं संग. लिहून घ्या सायेब."

लिहून घ्या, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. नोकरीत मी बरेच कबुलीजबाब ऐकले. खरं कबूल करणारा अडखळतो, मध्येच पाणी मागतो, अर्धं सांगून गप्प बसतो. हा घाईत होता. हे मला तेव्हाच खटकलं, पण कबुली हातात असताना खटकलेल्या गोष्टी माणूस बाजूला ठेवतो.

त्यानं आपल्या वावरात, नाल्याच्या काठाला पुरलेलं धूड दाखवलं. पंच बोलावले, पशुवैद्यकीय डॉक्टर आले, पंचनामा सुरू झाला. पुढच्या पायावर तारेनं भाजल्याची खूण स्पष्ट होती. डॉक्टरांनी पोटाकडची बाजू तपासली आणि मॅडमकडे पाहिलं.

"दुधाची आहे," ते म्हणाले.

मॅडम उभ्या होत्या तिथेच गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी स्वतः पाहिलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, हिची पिल्लं आहेत. लहान असतील तर ती त्यांना झुडपात किंवा कपारीत ठेवून शिकारीला जाते. ती परत येईपर्यंत पिल्लं जागची हलत नाहीत आणि आवाजही करत नाहीत. शत्रूपासून वाचण्यासाठी त्यांची तशी सवयच असते."

"म्हणजे शोधायची कशी?"

"ती मेली त्या जागेच्या आसपासच असणार. एवढ्या लहान पिल्लांना सोडून मादी फार लांब जात नाही. पण वेळ कमी आहे. ती मेली तेव्हापासून त्यांच्या पोटात काही नाही."

तिथून माझं काम बदललं. आरोपी हातात होता, मुद्देमाल होता, कबुली होती. कागदावर प्रकरण पूर्ण होतं. पण कुठेतरी पिल्लं उपाशी गप्प बसून होती आणि ती जागा आम्हाला सापडायला हवी होती.

वन विभागाच्या माणसांनी अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्या वावराच्या चहूबाजूंचं झुडूप न झुडूप पाहिलं. हरभऱ्याला पाणी दिलेलं होतं, जमीन ओली होती, साधा कोल्हा गेला असता तरी पाऊल उमटलं असतं. बिबट्याचा एकही माग सापडला नाही.

"सर, इथे ती जिवंतपणी आलीच नसावी," मॅडम म्हणाल्या.

आम्ही ठाण्यात परतलो. जमादारांनी त्याला चहा दिला आणि समोर स्टूल ओढून बसले. जमादारांची चौकशी चौकशीसारखी वाटायची नाही.

"काका, हरभऱ्याले पानी देनं झालं का?"

"अर्धं झालं. या हप्त्यात दिवसाची लाईन हाय, त्यानं बरं हाय. रातचं कुडकुडत जावं लागत नाई."

"आमच्या सासुरवाडीले रातची हाय. साळा रातभर वावरात, अन मी एकटा सासूसमोर. काय बोलावं माणसानं?"

तो हसला. मी टेबलापाशी काहीतरी लिहीत होतो, तो थांबलो.

शेतीच्या विजेची पाळी असते, हे खेड्यात सगळ्यांना ठाऊक असतं. काही गावांना एका आठवड्यात दिवसा वीज आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री. शेजारच्या सबस्टेशनचं वेळापत्रक उलटं. पोलिसांना ते पाठ असावं लागतं, कारण विहिरीवरच्या मोटारींची केबल चोरणारे चोर तारेत करंट नसलेल्या रात्रीच निघतात. आमची रात्रगस्त मी त्या पाळीवरूनच ठरवायचो.

मी खुर्ची त्याच्याजवळ नेली.

"काका, बिबट तारेवर पडला तो रात्री ना?"

"हो. रातीच."

"तुमची लाईन तर दिवसाची आहे. मग रात्री तारेत करंट कुठून आला?"

"गावातून वायर ओढला."

"गाव कुठं, तुमचं वावर कुठं? एवढा वायर आणला कोठून?"

याचं उत्तर जमादारांकडे होतं. त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"सायेब, रातची लाईन टेकडीच्या पल्याडच्या गावाईले हाय. तिकडं याची लेक देल्ली हाय. जावई वावर करते तिकडं."

जावयाचा फोन बंद होता आणि तो घरी नव्हता. त्याची शेती एका जागी नव्हती. थोडी घरची आणि दोन ठिकाणी मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं केलेली, शिवाराच्या वेगवेगळ्या टोकांना, मध्ये माणसाच्या डोक्याइतकी उंच तूर. मॅडमनी माणसं पाठवली, पण त्या काळजीत होत्या. जास्त माणसं घातली तर गाव गोळा होईल आणि पिल्लं आणखी आत सरकतील. कमी घातली तर दिवस जातील. आम्हाला नेमकं वावर हवं होतं.

मी म्हाताऱ्याला पिल्लांचं सांगितलं. तो ऐकत होता, त्याला वाईट वाटत होतं हेही दिसत होतं. पण त्यानं हात जोडले.

"सायेब, मीनं कबूल केलं ना. मले टाका आत. माह्या लेकीचं घर आत्ताच उभं राहून राहिलं."

आवाज चढवून काही मिळणार नव्हतं. स्वतःसाठी खोटं बोलणारा दमला की थांबतो. लेकीसाठी बोलणारा दमत नाही.

लेक बाळंतपणाला माहेरीच होती. मी, मॅडम आणि एक महिला शिपाई त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारातच म्हणाली, "ओली बाळंतीण हाय, तिले बाहेर याले जमत नाई." मी ओसरीवरच बसलो. आतून शेगडीच्या धुराचा आणि शेपेचा वास येत होता. लेक बाळाला घेऊन खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसली.

"बाबा कोठं हायेत?"

"ठाण्यात. जेवले आहेत."

"त्यायनं केलं म्हणते?"

"ते म्हणतात, त्यांनी केलं. ताई, तुम्हाला आधी एक सांगतो. नवऱ्याविरुद्ध बोलायला तुम्ही बांधील नाही. काही सांगितलं नाही म्हणून तुमच्यावर केस होणार नाही."

मॅडमनी तिला पिल्लांचं सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसंच, एक शब्द कमी-जास्त न करता.

"किती मोठे असतील?" तिनं विचारलं.

"डोळे उघडले असतील. अजून अंगावरच पितात."

आतून आई म्हणाली, "पोरी, तू गप राय."

लेकीनं तिकडे पाहिलं नाही. "सायेब, यायले सजा किती होते?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हणालो, "गुन्हा सिद्ध झाला तर तीन वर्षांच्या खाली नाही. ते कोर्टाच्या हातात आहे. मी ती कमी करू शकत नाही. घरच्यांनी मदत केली, एवढं लिहू शकतो. लिहीन."

तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"यायले बिबट मारायचा नव्हता," ती म्हणाली. "डुकरायनं अर्धा हरभरा उकरला, म्हणून तार लावला. सकाळी पाह्यलं तं हे. मंग बाबाले बोलावलं. बाबानं बैलबंडीत ढोराच्या कुटाराखाली टाकून इकडं आणलं. नखंबी बाबानंच काढली, याच्यासाठी." तिनं बाळाकडे पाहिलं. "नाल्याकडचं मक्त्याचं वावर हाय. धुऱ्याले मांगच्या सालच्या पऱ्हाट्याईची गंजी हाय. तिथं पाहा."

मग आत जाता जाता म्हणाली, "बाबाले सांगू नका, मीनं सांगतलं म्हणून."

शेताच्या बांधावरचा, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा तो ढीग माणसापेक्षा उंच होता. आम्ही सगळे लांब उभे राहिलो. मॅडम पोटावर झोपून टॉर्च घेऊन आत सरकल्या. पिल्लं दोन होती. एक मेलेलं होतं. दुसऱ्यानं त्यांच्या हातमोज्याला चावा घेतला.

"चावतंय," त्या आतूनच म्हणाल्या. "चांगलं आहे."

जावई दुसऱ्या दिवशी सरपंचांसोबत हजर झाला. त्याच्यावर शिकारीचा आणि सासऱ्यावर पुरावा लपवल्याचा, नखं बाळगल्याचा गुन्हा वन विभागानं नोंदवला. घरच्यांच्या मदतीमुळे पिल्लू सापडलं, असं मी माझ्या जबाबात लिहिलं. कोणी सांगितलं ते म्हाताऱ्याला मी सांगितलं नाही, पण त्याला कळलंच. जामिनावर सुटताना तो एवढंच म्हणाला, "लेक माह्यापेक्षा मोठी झाली." रागानं म्हणाला की कौतुकानं, हे मला ओळखता आलं नाही.

खटला माझ्या निवृत्तीपर्यंत संपला नव्हता. साक्षीसाठी एका तारखेला गेलो तेव्हा ती कोर्टाच्या आवारात बसलेली दिसली. मुलगा चालायला लागला होता आणि वकिलांच्या टेबलांमधून फिरत होता. तिनं मला ओळखलं आणि उभी राहिली.

"सायेब, ते पिल्लू कसं हाय?"

"चांगलं आहे. मोठं झालं."

"सोडलं जंगलात?"

"नाही ताई. शिकार करायला आई शिकवते. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला बिबट जंगलात टिकत नाही, तो गावाकडेच येतो. ते आता पिंजऱ्यातच राहील."

"जन्मभर?"

"हो."

ती मुलाकडे पाहत होती. मग म्हणाली, "याच्या बापाची तं तीनच वर्षाची गोष्ट हाय."

पुकारा झाला आणि ती मुलाला उचलून आत गेली.

ठाण्यात नव्यानं आलेल्या अधिकाऱ्यांशी बोलायला मला कधीमधी बोलावतात. तेव्हा मी मोठ्या प्रकरणांऐवजी हे सांगतो. कबुली फार लवकर आली तर ती कोणासाठी आली ते पाहा, हे एक. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गुन्हा घडून गेला असं आपण म्हणतो, पण कोणावर तरी तो अजून घडत असतो. आधी तिथे पोहोचा. पंचनामा नंतरही लिहिता येतो. आम्ही एक दिवस आधी पोहोचलो असतो तर त्या गंजीत दोन पिल्लं जिवंत मिळाली असती, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तो दिवस आमचा एका खोट्या कबुलीवर विश्वास ठेवण्यात गेला.